खुराक कोणाचा, पैलवान कोणाचा?

ज्वारीची काढणी आटोपली, उसाच्या गाड्यांची वर्दळ ओसरली, की बारामती-इंदापूरकडच्या गावांना जत्रांचे वेध लागतात. चैत्र-वैशाखातली आमच्याकडची जत्रा तीन गोष्टींवाचून जत्रा वाटत नाही : देवाची पालखी, रात्रीचा तमाशा आणि दुसऱ्या दिवशीचा कुस्त्यांचा फड. दुपार कलली, की ओढ्याकाठच्या मोकळ्या रानात हलगी कडाडू लागते. पंच फेटे बांधून उभे राहतात. पोरासोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्यांनी सुरुवात होते आणि दिवस बुडता बुडता इनामाची शेवटची कुस्ती लागते. या गर्दीत एखादा माणूस असा असतो, की तो त्या शेवटच्या कुस्तीला थांबतसुद्धा नाही. तो आलेला असतो रेवड्यांच्या कुस्त्या पाहायला. कोणी कोणाला पाडले याचेही त्याला फारसे सोयरसुतक नसते. पडलेले पोर उठते कसे, त्याची मान किती जाड, मनगटाचे हाड किती रुंद, दुसऱ्यांदा जोड लागली तर डोळ्यांत भीती दिसते की राग, हे तो न्याहाळत असतो. आणि मग त्या पोराच्या बापाचे घर विचारीत गावात शिरतो.

इतिहासाच्या पुस्तकांत या माणसाला जागा मिळालेली नाही. राजांची नावे राहिली, पैलवानांची राहिली, मैदानांचीही राहिली. पोर कोणी हेरले, त्याच्या आईची समजूत कोणी काढली आणि वळकटी खांद्यावर देऊन त्याला परगावच्या तालमीत कोणी नेऊन सोडले, हे मात्र कोणी लिहून ठेवले नाही. अमेरिकेतली कॉलेजे आपल्या फुटबॉलच्या संघासाठी देशभर माणसे पाठवतात, शाळकरी मुले हेरतात आणि त्यांच्या आईबापांच्या ओसरीवर जाऊन बसतात, हे वाचून पुष्कळांना नवल वाटते. मला वाटत नाही. आपल्याकडे हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. चेंडूच्या जागी लाल माती आणि शिष्यवृत्तीच्या जागी खुराक, एवढाच काय तो फरक. यंदा फराळाच्या ताटाशी बसलेल्या वाचकांपुढे या खुराकाचाच इतिहास मांडावा असे मनात आहे. त्याला धागा एकाच प्रश्नाचा : जो खुराक घालतो, पैलवान त्याचा होतो काय? आणि होत असेल, तर किती दिवस?

ज्यांच्या घरात कधी पैलवान नव्हता, त्यांना खुराक म्हणजे काय हे आधी सांगितले पाहिजे. पहाटे उठून शेकड्यांनी जोर आणि बैठका मारणाऱ्या, नंतर आखाड्यात घाम गाळणाऱ्या मुलाला भाकरी-कालवणावर तग धरता येत नाही. त्याला दूध लागते, तूप लागते, बदाम वाटून केलेली थंडाई लागते. अंडी-मटण लागते. शेतकऱ्याच्या दारात म्हैस एकच असते आणि तिच्या दुधाच्या पैशावर घरचे मीठ-मिरची, धाकट्यांच्या वह्या आणि म्हातारीचे औषधपाणी चालते. ते दूध एका पोराच्या पोटात गेले तर बाकीचे घर कोरडे राहते. म्हणून गरिबाघरच्या ताकदवान पोराला कोणी ना कोणी पोशिंदा लागतो. पैलवानाचे सगळे मोठेपण आणि सगळे पारतंत्र्य या एका दुधाच्या चरवीत आहे.

आमच्या मुलखाला ही गोष्ट नवी नाही. मराठी सैन्यात घोडेस्वारांच्या दोन जाती होत्या. ज्याचे घोडे आणि हत्यार स्वतःचे, तो शिलेदार. ज्याला घोडे सरकारी पागेतून मिळे, तो बारगीर. लढाईत दोघेही सारखेच मरत. पण शिलेदाराला चाकरी बदलता येई, बारगिराला पागेचे दार सोडले की पायी चालावे लागे. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले निजामशाहीच्या चाकरीत असताना इंदापूरच्या लढाईत पडले. त्यांची आठवण इंदापूरने अजून जपली आहे. तेव्हा माणसाच्या बळाला दूरदूरचे धनी गिऱ्हाईक म्हणून येतात आणि त्या बळाची किंमत कधी कधी परक्या रणात चुकवावी लागते, हे या मातीने फार पूर्वी पाहिले आहे. पैलवानांतही शिलेदार आणि बारगीर असतात. घरचे दूध पिऊन लढणारा शिलेदार विरळा. बाकी सारे बारगीरच.

बारामतीने मात्र या व्यवहाराची दुसरी बाजूही पाहिली आहे. आर्याकर्ते मोरोपंत हे मूळचे बारामतीचे नव्हेत. त्यांचा जन्म १७२९ सालचा, पन्हाळगडावरचा. बारामतीकर बाबूजी नाईकांनी त्यांना आश्रय दिला आणि १७९४ साली मोरोपंतांनी देह ठेवला तो बारामतीतच. एका विद्वानाला त्याच्या मुलखातून आणावे, त्याच्या पोटापाण्याची चिंता मिटवावी आणि त्याने जन्मभर काव्य रचावे, असा हा सौदा. पुढच्या काळात आमच्याकडची तगडी पोरे कोल्हापूरकडे गेली. त्याआधी कितीतरी वर्षे कोल्हापूरच्या मुलखातला कवी आमच्याकडे आला होता. फरक एवढाच, की कवी म्हातारा झाला म्हणून त्याची आर्या लंगडी होत नाही. पैलवानाचा गुडघा पंचविसाव्या वर्षी जातो आणि मग त्याच्या पोशिंद्याची खरी परीक्षा सुरू होते.

पेशवाईच्या अखेरची एक गोष्ट व्यायामशाळांतून अजून सांगतात. हैदराबादकडून अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल पुण्यास आले आणि त्यांनी दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात जोड मागितली. कोणी पुढे येईना. तेव्हा बाळंभटदादा देवधर या तरुणाने थोडी मुदत मागून घेतली, वणीच्या सप्तशृंगीच्या पायाशी जाऊन तयारी केली, परतून गुलाबाला चीत केले आणि अलीने लढण्याचे नाकारले. मल्लखांबाची विद्या त्यातूनच पुढे आली, अशी परंपरा आहे. दंतकथेचा भाग बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. एका दरबाराचा पैलवान दुसऱ्या दरबारात जाऊन आव्हान देई, तेव्हा हार-जीत त्या दोघा माणसांची राहत नसे, ती दोन गाद्यांची होई. गादीची अब्रू ज्याच्या मांडीवर अवलंबून, तो मल्ल मिळवण्यासाठी मग कोणताही मुलूख दूर वाटत नाही.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी या व्यवहाराला जे वळण दिले, ते मात्र निराळे होते. १८९४ साली राज्याची सूत्रे हाती आली तेव्हा महाराज विसाव्या वर्षात होते आणि स्वतः आखाड्यात उतरणारे होते. १९०२ साली ते सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेस गेले. त्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिले आणि तसे मैदान आपल्या कोल्हापुरात असावे असे त्यांच्या मनाने घेतले. खासबागचे मैदान १९१२ साली पुरे झाले. मध्ये खोलगट आखाडा आणि भोवती चढत गेलेला बसण्याचा उतार. हजारोंच्या गर्दीत शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाची पकड दिसावी, अशी ती रचना. त्या मैदानात पहिली मोठी कुस्ती झाली ती पंजाबच्या दोन मल्लांची : गामा पैलवानाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिउद्दीन. इमामबक्षाने ती मारली.

कोल्हापूरच्या मैदानाचे उद्‌घाटन आणि लढणारे दोघेही पंजाबचे, याचे कोणास वैषम्य वाटेल. पण महाराजांचा हिशेब दूरचा होता. त्या काळी पंजाबच्या मल्लांचा हात धरणारा कोणी नव्हता. खुद्द गामा १९१० साली लंडनला जाऊन झिबिस्कोसारख्या नामांकित मल्लाला दोन तासांहून अधिक वेळ खाली दाबून आला होता. त्यालाही दतियाच्या संस्थानाचा आधार मिळाला होता आणि पुढे पतियाळाचा. शाहू महाराजांनी अशा मल्लांना कोल्हापुरात आणले, त्यांची बडदास्त ठेवली आणि त्यांच्या शेजारी आपली पोरे आखाड्यात उतरवली. पंजाबचा डाव कोल्हापूरच्या पोराने पाहावा, त्याच्याशी झटावे, हरावे आणि शिकावे, हा त्यातला मतलब. मोतीबाग, गंगावेस यांसारख्या तालमींचा पुढे जो दबदबा झाला, त्याचे मूळ या मिश्रणात आहे.

शिवाय याच राजाने त्याच वर्षांत आणखी एक भरती चालवली होती, हे विसरता कामा नये. १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे निघू लागली आणि २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखण्याचा हुकूम निघाला. खेड्यापाड्यांतून बुद्धी हेरून आणायची, तिला वसतिगृहात जेवू घालायचे. बळ हेरून आणायचे, त्याला तालमीत जेवू घालायचे. माझ्या मते वसतिगृह आणि तालीम ही एकाच विचाराची दोन दारे होती. दुर्दैव असे, की पुढच्या लोकांनी ही दारे वेगवेगळ्या इमारतींना बसवली. वसतिगृहातले पोर कुस्ती विसरले आणि तालमीतले पोर पुस्तक.

संस्थानिकांची ही हौस कुस्तीपुरती नव्हती. १९४७ च्या मार्च महिन्यात बडोद्याला रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला : बडोदे विरुद्ध होळकर, म्हणजे गायकवाड विरुद्ध होळकर. जुन्या सरदारांच्या दोन घराण्यांची जणू पानपतानंतरची लढाई! होळकरांकडे नागपूरचे सी. के. नायडू होते, त्यांना इंदूर दरबाराने १९२३ सालीच आपलेसे केले होते. बडोद्याकडे सांगलीत जन्मलेले विजय हजारे आणि लाहोरचे गुल महंमद. हजाऱ्यांनी २८८ आणि गुल महंमदने ३१९ धावा काढल्या. दोघांनी मिळून ५७७ धावांची जी भागी केली, तिचा जागतिक विक्रम २००६ पर्यंत, म्हणजे एकोणसाठ वर्षे, टिकला. सांगली आणि लाहोर यांचे हे नाते बडोद्याच्या खुराकावर जुळले होते. पाच महिन्यांनी देशाची फाळणी झाली. पुढे गुल महंमद पाकिस्तानात गेला आणि १९५६ साली त्याच्याकडून खेळलाही. बडोदे संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले. ज्या दरबाराने त्या दोघांना एकत्र आणले, तो दरबारच उरला नाही.

या कथेचा सांधा नेमका येथे आहे. राजे गेले, आता पैलवानाला जेवू कोण घालणार?

या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यात जसे दिसते, तसे कोणत्याही ग्रंथात दिसणार नाही. खाशाबा जाधव १९२६ साली कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी जन्मले. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले. अंगाने ते किरकोळ होते. मान जाड आणि छाती रुंद पाहून पोर उचलणाऱ्या जत्रेतल्या पारख्याने बहुधा त्यांच्याकडे दुसऱ्यांदा पाहिले नसते. पण डाव विजेसारखा चाले. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले आणि आपल्या वजनगटात सहावे आले. त्या प्रवासाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान विलीन झाले. १९५२ साली हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा खजिना नव्हता. तेव्हा ज्यांच्या हाताखाली खाशाबा शिकले, त्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनी वर्गणी काढली ती वेगळीच.

२३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे वैयक्तिक खेळातले ते पहिले ऑलिंपिक पदक. दुसरे येण्यास १९९६ साल उजाडावे लागले. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचे केशव माणगावे पदकाच्या अगदी जवळ जाऊन परतले. कऱ्हाडच्या स्टेशनावर खाशाबांना नेण्यासाठी शंभरावर बैलगाड्या आल्या होत्या. पण मला त्या मिरवणुकीपेक्षा पुढची गोष्ट मोठी वाटते. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्या मिळकतीतून प्राचार्यांचे घर सोडवले. वाचकहो, खुराकाच्या साऱ्या इतिहासात असा हिशेब मला दुसरा आढळलेला नाही. आजवर पैलवानाच्या बळावर पोशिंद्याची अब्रू वाढे. येथे पोशिंद्याने आपले छप्पर पणाला लावले आणि पैलवानाने ते परत त्याच्या डोक्यावर ठेवले. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात धनी-चाकराचे नाते नव्हते, म्हणूनच हे घडले.

एवढे झाल्यावर समाजाने काय केले? खाशाबा १९५५ साली पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले आणि नोकरी करून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. खुराक देणारा हात जितका चपळ असतो, तितका मान देणारा नसतो.

खाशाबांच्या मागून कोल्हापूरच्या तालमी ओसाड पडल्या नाहीत, उलट भरल्या. राजा नसला तरी राजाने लावलेली सवय होती. १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले श्रीपती खंचनाळे. ते आज कर्नाटकात असलेल्या, चिकोडीकडच्या एकसंबा गावचे. १९६० चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर शिराळ्याकडच्या पुनवतचे. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये सुवर्णपदक घेऊन आलेले मारुती माने कवठेपिराणचे. पुढे ते राज्यसभेतही बसले. हरिश्चंद्र बिराजदार मराठवाड्यातून आले. दीनानाथसिंह तर थेट उत्तर प्रदेशातून आले, हिंदकेसरी झाले आणि कोल्हापूरचेच होऊन राहिले. कोल्हापुरात फुटबॉलचे संघसुद्धा तालमींच्याच नावाने उतरतात : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. आणि त्या संघांतून परप्रांतांतले, इतकेच काय परदेशांतलेही खेळाडू खेळून गेले आहेत. इमामबक्षाला पंजाबातून आणणाऱ्या गावाला याचे काय नवल?

आता आमच्या बाजूला वळतो. बारामती-इंदापूर हा मुळात कमी पावसाचा मुलूख. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा आला आणि त्याच्या काठाने ऊस आला. इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर वालचंद हिराचंदांनी साखर कारखाना उभारला आणि वालचंदनगर वसले. पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथे कारखाने निघाले. ऊस आला तशी म्हैस आली, म्हैस आली तसे दूध आले, आणि मारुतीच्या देवळाशेजारच्या तालमीत पोरांची संख्या वाढली. कुस्तीचा नकाशा काढायचा असेल तर आधी पाटाच्या पाण्याचा नकाशा काढावा, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. कालव्याच्या अलीकडचे पोर घरच्या दुधावर काही दिवस तरी शिलेदार राहू शकते; पलीकडच्या जिरायतीतले पोर पहिल्या दिवसापासून बारगीर.

राजाची जागा या काळात साखर कारखान्यांनी घेतली. कोल्हापूरकडे कुंभी-कासारी, कागलचा शाहू अशा कारखान्यांनी स्पर्धा भरवून मल्ल निवडण्याची आणि त्यांना मानधन देण्याची प्रथा पाडली. रेल्वे, पोलीस, सैन्य यांनी नोकऱ्या दिल्या. महाविद्यालयेही या शर्यतीत उतरली. बारामतीला १९६२ साली तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघाले, तोवर आमच्या मुलांना कॉलेज म्हणजे पुण्याची वाट होती. गावाजवळ कॉलेज आले, तेव्हा प्रथमच असे झाले, की पोराने पहाटे तालीम करावी, दुपारी वर्गात बसावे आणि रात्री आईच्या हातचे जेवावे. ही लहान गोष्ट नव्हे. ज्याची भाकरी घरी आहे, त्याला कोणी सहजासहजी विकत घेऊ शकत नाही.

अमेरिकेचे उदाहरण सुरुवातीला दिले, त्याची एक बाजू येथे सांगितली पाहिजे. तिथल्या कॉलेजांच्या क्रीडासंघटनेने १९५६ साली खेळाडूंना उघडपणे शिष्यवृत्ती देण्यास संमती दिली. शिकण्याचा, राहण्याचा, जेवणाचा खर्च कॉलेजचा. पण १९७३ साली चार वर्षांच्या शिष्यवृत्तीची हमी काढून ती वर्षावर्षाला नवी करण्याचा नियम झाला. म्हणजे यंदा खेळलास, पुढच्या वर्षी पाहू! चार चार वर्षांची हमी देण्याची मोकळीक परत मिळण्यास २०१२ साल यावे लागले. हजारो लोक तिकिटे काढून ज्याचा खेळ पाहतात, त्या मुलाला स्वतःच्या नावावर पैसे मिळवण्याची परवानगी मिळाली ती २०२१ साली. इतका श्रीमंत देश, पण प्रश्न मारुतीच्या तालमीतलाच. मुलाचा पाय मोडला, तर त्याच्या ताटाचे काय?

हा प्रश्न मला पुस्तकात सापडला नाही, शाळेत सापडला. आठवीतला एक मुलगा होता. नीराकाठच्या एका वाडीवरचा. जत्रेत त्याने आपल्याहून मोठ्या तीन पोरांना पाडले आणि चारच दिवसांत परजिल्ह्यातल्या एका तालमीचा माणूस वाडीवर आला. दूध, तूप, राहणे, सारे फुकट. वर महिन्याला काही रक्कम, ती गावच्या बाजूचा एक धनवान हौशी देणार. त्या मुलाचा बाप शाळेत मला भेटायला आला. पायरीवरच बसून म्हणाला, “गुरुजी, पोरगं मागत्यात. धाडू का?”

मी म्हटले, “धाडा, पण एक विचारा. पोरगं शाळेत कुठल्या बसवणार?”

“ते म्हणत्यात, पैलवानाला शाळा कशाला? नाव झालं की नोकरी चालून येती.”

“आणि नाव नाही झालं तर?”

बाप बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “गुरुजी, घरी राहिला तर तरी कुठं नाव हुणार हाय?”

या प्रश्नाला माझ्यासारख्या मॅट्रिक शाळामास्तरापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. मुलगा गेला. तीन वर्षे त्याची नावे जत्रांच्या जाहिरातींत छापून येत होती. मग खांदा निखळला. ज्या महिन्यात खांदा निखळला, त्याच महिन्यापासून मानधन बंद झाले. मुलगा परत आला तेव्हा त्याचे वय अठरा होते, शिक्षण आठवी होते आणि खाण्याची सवय पैलवानाची होती. ती भूक भागवणे त्या घराला परवडणारे नव्हते. त्याच्या आईने एकदा मला सांगितले, की तो मुद्दाम सगळ्यांच्या आधी ताटावरून उठतो.

त्या मुलाने पुढे बाहेरून परीक्षा दिली आणि आता तो दिवसा नोकरी करून संध्याकाळी वाडीवरच्या पोरांना कुस्ती शिकवतो. त्याच्या तालमीचा एक नियम आहे. शाळेचे प्रगतिपुस्तक दाखवल्याशिवाय लंगोट बांधायचा नाही. नापास झालेल्या पोराला तो हाकलत नाही. बाजूला बसवून आधी गणिते करायला लावतो, आणि स्वतःला न येणारे गणित विचारायला पोराला माझ्याकडे पिटाळतो.

सुदैवाने काही ठिकाणी हा धडा मोठ्या प्रमाणावर गिरवला जातो. पुण्यात २००१ साली सैन्याची क्रीडासंस्था उभी राहिली. तिथे देशभरातून लहान वयाची मुले चाचण्या घेऊन निवडतात, आणि खेळाबरोबर त्यांचे शालेय शिक्षणही चालते. आता तर मुलीही या फडात उतरल्या आहेत. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा उचलली. म्हणजे उद्या पोर हेरणारा माणूस लेकीचेही घर विचारत येणार. त्याला आपण काय विचारायचे, हे आताच ठरवून ठेवलेले बरे.

खुराक देणारे वाईट असतात असे मला मुळीच म्हणायचे नाही. ते नसते तर खासबाग झाले नसते, हिंदकेसरी झाले नसते आणि गोळेश्वरच्या पोराला हेलसिंकी हे नावही कळले नसते. हेरणारा माणूस दारात आला, तर त्याला पाट द्यावा, चहा द्यावा. पण पोराचा हात त्याच्या हातात देण्यापूर्वी बापाने चार गोष्टी विचाराव्या. खुराक किती, हे सगळेच विचारतात. शाळा कोणती, हे दुसरे. हातपाय मोडला तर दवाखाना कोणाचा, हे तिसरे. आणि लढता येईनासे झाल्यावर किती दिवस जेवू घालाल, हे चौथे. पहिल्या प्रश्नाला सगळे हसून उत्तर देतात. चौथ्याला जो हसूनच उत्तर देईल, त्याच्याबरोबर पोर खुशाल धाडावे.

कारण पैलवान चीत होतो तो एका दिवसाचा असतो. दुसऱ्या जत्रेत त्याला पुन्हा शड्डू ठोकता येतो. ज्या गावाने त्याच्या बळावर नाव मिळवले, ते गाव त्याच्या पडत्या काळात तोंड फिरवते, तेव्हा पाठीला माती लागते ती गावाच्या. ती झटकायला पुढची जत्रा पुरत नाही.